रूबार्ब केकचा शेवटचा तुकडा

१

"गुन्वोर, मुकुट गेला!"

लोविसाचा आवाज असा चिरकला की मी फोन कानापासून लांब धरला. लोविसा ब्रांदेल ही आमच्या आल्मवीकच्या चर्चची मुख्य पाद्रीण. आवाज इतका मऊ की तिच्या प्रवचनाला अर्धी मंडळी डुलक्या काढतात. ती किंचाळली म्हणजे काहीतरी भयंकरच झालेलं असणार.

"कुठला मुकुट?"

"आपल्याकडे काय दहा आहेत? नवरीचा गं!"

हातातलं टोमॅटोचं रोप मी तसंच मातीत टाकलं. चांदीवर सोन्याचं पाणी दिलेला तो मुकुट चर्चच्या मालकीचा. वर सोळा नाजूक पानं आहेत, मान हलली की तीही हलतात. गावातली प्रत्येक नवरी तो डोक्यावर घेते आणि लग्न झालं की परत करते. माझ्या आईने घातला, मी घातला. माझा नवरा टिकला नाही, मुकुट टिकला.

"परवा मोआचं लग्न आहे," लोविसा रडकुंडीला आली होती. "दहाला दहा कमी असताना मी स्वतः कपाटात बघितला. कॉफीनंतर मी खोलीचं दार लावून प्रवचन लिहायला बसले. अकराला मोआची आई आली, कपाट उघडलं, तर आत नुसती मखमल."

"पोलिसांना कळवलंस?"

"तुला कळवलं ना."

"अगं, मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली."

"म्हणूनच. पोलीस आले तर त्या पोरीचं नाव गावभर होईल." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मला वाटतं, कार्यालयातल्या नव्या सिग्नेने नेला. उद्या तिची सहा महिन्यांची मुदत संपते. तीनला मंडळाची बैठक आहे. तिला कायम करा की घरी पाठवा, ते मला सांगायचंय. गुन्वोर, उद्या तीनच्या आत मला खरं काय ते हवंय."

मी हात धुतले आणि सायकल काढली.

२

चर्चचं कार्यालय म्हणजे एक बसकं पिवळं घर. दार उघडलं की समोर सिग्नेचं टेबल, उजवीकडे स्वयंपाकघर, डावीकडे लोविसाची खोली. टेबलाच्या मागे छोटी खोली, आणि तिच्यात ते कपाट. कपाटाकडे जायचं तर टेबलाला वळसा घालूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. बाहेरच्या माणसाला आत यायचं असेल तर टेबलावरचं बटण कोणीतरी दाबावं लागतं. त्या सकाळी मोआच्या आईआधी कोणासाठीच ते दाबलं गेलं नव्हतं, आणि यावर सगळ्यांचं एकमत होतं. म्हणजे चोर घरातलाच.

सिग्ने मोरेल टेबलाशी ताठ बसली होती. वय एकतीस, केस घट्ट बांधलेले, आणि जूनमध्येही अंगात लोकरीचा स्वेटर.

"मी गुन्वोर स्टोल," मी म्हटलं.

"मी सिग्ने. मला अ‍ॅस्पर्गर आहे, ऑटिझमचा एक प्रकार. हे आधीच सांगितलेलं बरं, असं मला शिकवलंय." हे ती माझ्या खांद्यावरून खिडकीकडे बघत बोलली.

खरं सांगते, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. पोलिसात अठ्ठावीस वर्षं काढली मी, आणि पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात बसलेली, की नजर चुकवणारा माणूस काहीतरी लपवतो. ते आठवलं की आजही मला लाज वाटते.

"सकाळचं सांग," मी म्हटलं.

"दहाला बाकीचे चौघे कॉफीला गेले. लोविसा, वाल्फ्रिड, मायकेन आणि रूने. मी टेबलावर थांबले. साडेदहाला ते बाहेर पडले. दहा पस्तीसला रूने आला आणि म्हणाला, 'जा, तू घे कॉफी, मी बसतो.' तो रोज बसतो. मी स्वयंपाकघरात गेले. दहा पंचेचाळीसला परत आले. तोपर्यंत रूने इथे होता. मी आल्यावर तो गेला. मी टेबलावर असताना कपाटाकडे कोणी गेलं नाही."

"आणि कॉफी सगळ्यांबरोबर का नाही घेत?"

"तिथे पाच जण एकदम बोलतात. कोणी विचारतं, 'काय, कसं काय?' मी खरं सांगितलं की गप्प होतात. मी खोटं सांगितलं तर मला दुपारपर्यंत तेच आठवत राहतं." तिने पेन वहीला समांतर केलं. "इथलं काम मला येतं. कॉफी येत नाही."

तिच्याबद्दलच्या तक्रारी लोविसाने मला आधीच ऐकवल्या होत्या. एका म्हाताऱ्याने फोनवर विचारलं, "माझी बायको आता बरी असेल ना?" त्यावर सिग्ने म्हणाली, "ती वारली आहे. तारीख माझ्याकडे आहे." एका नवरीने मुकुट घालून विचारलं, कशी दिसते? सिग्नेने उत्तर दिलं, "डोकं लहान आहे."

"इथे येण्याआधी कुठे होतीस?"

"दुकानात गल्ल्यावर, अकरा दिवस. लोक हवामानाबद्दल बोलायचे आणि मागे रांग वाढायची. मग टेलिफोनवरून वर्तमानपत्रं विकायचं काम, चार दिवस. मग हॉटेलात, मग पाळणाघराच्या स्वयंपाकघरात. हे पाचवं. रोजगार कार्यालयातली बाई म्हणाली, चर्च शांत असतं. चर्च शांत आहे. टेलिफोन शांत नाही."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती.

"मग इथेच राहायचंय का तुला?"

"हो." पहिल्यांदाच तिचा आवाज जरा हलला. "मी आले तेव्हा पेटीत अठ्ठावन्न किल्ल्या होत्या. त्यातल्या एकवीस कशाच्या आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं. आता चारच राहिल्या आहेत. त्या चार कशाच्या, ते मला शोधायचं आहे. शिवाय, सहावी नोकरी कोणी देईल असं मला वाटत नाही."

तिने किल्ल्यांची वही माझ्यापुढे सरकवली. हा तिचाच नियम: किल्ली घेतली की सही करायची. मी पानं चाळली.

"रूनेची सही लहान होत चाललीय," ती मध्येच म्हणाली. "जानेवारीत अक्षराची उंची सहा मिलिमीटर होती, मे महिन्यात अडीच. तीन आठवड्यांपूर्वी तो म्हणाला, 'तूच कर माझी सही.' दुसऱ्याची सही मी करू शकत नाही. त्यानंतर त्याने माझ्याकडे किल्ली मागितलीच नाही."

मी इथे चोर शोधतेय आणि ही मला अक्षरांची मापं सांगतेय! मी वही मिटली.

३

रूने टापेर सव्वीस वर्षं चर्चची देखभाल करतोय. घंटा, गवत, थडगी, बर्फ, सगळं त्याच्याकडे. गावात असं एक घर नसेल जिथल्या कोणाच्या अंत्ययात्रेत रूनेने खांद्यावर हात ठेवला नाही. माझे वडील गेले तेव्हा तो काही न बोलता तासभर माझ्याशेजारी बाकावर बसला होता. तेवढ्याने मला रडता आलं होतं.

तो अवजारांच्या शेडबाहेर दोन्ही हात खिशात घालून उभा होता.

"सिग्ने म्हणते, तू टेबलावर बसला होतास."

"रोज बसतो, आज नाही. लग्न तोंडावर आलंय, गवत गुडघ्याएवढं झालंय. साडेदहाला मी थेट यंत्र चालू केलं, ते अकरापर्यंत."

"म्हणजे ती जागेवरून हललीच नाही?"

"खिडकीतून दिसत होती ना. यंत्र वळवलं की प्रत्येक वेळी दिसायची." त्याने बुटाने गवताचा एक पुंजका तुडवला. "गुन्वोर, पोरगी वाईट नाही. तिच्या डोक्यात काय चालतं ते आपल्याला कळत नाही, एवढंच."

झालं! एकीकडे रूने टापेरचा शब्द, दुसरीकडे नजर चुकवणाऱ्या एका पोरीचा. गावाला विचारलं असतं तर एका क्षणात निकाल लागला असता.

ऑर्गनवाला वाल्फ्रिड ओकेरलुंड म्हणजे तिखट जिभेचा माणूस. तो चर्चच्या माळ्यावर ऑर्गनपाशीच सापडला.

"मुकुट? मला विचारू नकोस. साडेदहा ते अकरा मी इथे सराव करत होतो आणि काय सांगू, वर्षातून एखाद्या वेळी लागतात असे सूर लागले! ऑर्गनमधला बासरीचा आवाज तर असा हळुवार, की माझंच मला ऐकू येत होतं. नाहीतर हा रूने! लोकांच्या प्रार्थनेच्या वेळी गप्प आणि माझ्या सरावाच्या वेळी बरोबर खिडकीखाली घुर्र घुर्र."

"सिग्नेबद्दल काय वाटतं?"

"तिने मला सांगितलं की रविवारचं तिसरं गीत मी दर वेळी पुढे पळवतो."

"पळवतोस?"

"पळवतो. पण ते सांगायचं असतं का?"

शेवटी मायकेन फ्रिस्क. स्वयंपाकघर तिचं राज्य. सिग्ने येण्याआधी टेबलही तीच सांभाळायची, त्यामुळे तिच्यावर माझी जरा नजर होती.

"मी साडेदहालाच निघाले," कमरेवर हात ठेवून ती म्हणाली. "आंधळ्या हेर्मानला सूप द्यायला. विचार त्याला! सव्वाअकराला आले तर इकडे हा गोंधळ. मी आधी स्वयंपाकघरात शिरले, कारण काही झालं तरी भांडी कोणी घासत नाही. रूनेची कॉफी तशीच भरलेली. हल्ली घोटभर घेतो आणि सोडतो, जणू मी विष घालते! आणि केकची प्लेट चाटूनपुसून साफ. माझ्या कोंबड्यांसाठी कणसुद्धा नाही! घाईत झाकायची राहिली, तेवढीच माझी चूक."

"मायकेन, मी मुकुट शोधतेय. कोंबड्यांचं नंतर बघू."

"तू विचारलंस म्हणून सांगितलं," ती फुरंगटून म्हणाली.

संध्याकाळी मी घरी आले. हाती काय, तर एक लहान होत जाणारी सही, एक सुरेल ऑर्गन आणि उपाशी कोंबड्या. वाटलं, आता म्हातारपण आलं. उद्या तीनला लोविसाला सांगून टाकावं, पोरीला घरी पाठव म्हणून. रूने कशाला खोटं बोलेल?

४

शुक्रवारी सकाळी दहाला मी सगळ्यांबरोबर कॉफीला बसले. टेबलावर पुन्हा रूबार्बच्या आंबट देठांचा केक, कारण जूनमध्ये आमच्याकडे दुसरं काही उगवतच नाही. दाराबाहेर सिग्ने टेबलाशी एकटी. तिच्याकडे बघायला नको म्हणून सगळे हवामानावर तुटून पडले होते.

प्रत्येकाने एकेक तुकडा घेतला. प्लेटमध्ये एक उरला.

"घे ना गुन्वोर," मायकेन म्हणाली.

"छे गं, पोट भरलं."

वाल्फ्रिडने पाचेक मिनिटं त्याच्याकडे न बघितल्यासारखं केलं. मग हळूच सुरीने अर्धा कापून घेतला. मग लोविसाने उरलेल्याचा अर्धा. ती कायम तिरकं कापते, तिच्या घरच्या पावाचंही तसंच. आता दोन बोटं रुंदीची एक तिरपी फोड राहिली. माझाही हात गेला. तिच्यातला पातळ पापुद्रा काढावा, बाकीचं ठेवावं...

सुरी माझ्या हातात तशीच थांबली.

काल प्लेट चाटूनपुसून साफ होती!

पण पोलिसाची सवय, तोंडावर काही दिसू दिलं नाही. हसतच म्हटलं, "बाकी काल कोणीतरी शेवटचा तुकडा मटकावला म्हणे. मायकेनच्या कोंबड्या उपाशी राहिल्या. वाल्फ्रिड, तूच असणार."

"मी?" वाल्फ्रिड उखडला. "ऑर्गन पळवतो, पण केक नाही पळवत!"

"लोविसा?"

"काहीतरीच काय!" पाद्रीणबाई कानापर्यंत लाल झाल्या.

"मग रूने?"

"मला काय घरचं वळण नाही?" रूने खरोखर दुखावला गेला. "आम्ही चौघे एकदम उठलो तेव्हा तुकडा प्लेटमध्ये होता. सगळ्यांनी बघितला."

"बघितला," मायकेन म्हणाली. बाकी दोघांनीही माना डोलावल्या.

मी उठले आणि सरळ सिग्नेच्या टेबलापाशी गेले.

"काल कॉफीबरोबर काय खाल्लंस?"

"रूबार्बचा केक," ती लगेच म्हणाली. "एक तुकडा, साधारण दोन बोटं, तिरका कापलेला. रोज मायकेन प्लेट झाकून नेते. काल ती उघडी होती."

"आणि तू तो खाल्लास. शेवटचा."

"एकच होता. चौघांनी आपापला खाल्ला होता आणि मी खाल्ला नव्हता. म्हणजे तो माझा."

मी खुर्ची ओढून मट्कन बसले. या घरात जन्मात कोणी शेवटचा तुकडा उचलला नसता. चोरी करणाऱ्यानेसुद्धा नसता उचलला!

"अगं, हे काल का नाही सांगितलंस?"

"मी सांगितलं होतं की मी स्वयंपाकघरात गेले. तुम्ही ते खोटं धरलं. केकबद्दल कोणी विचारलंच नाही." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "शेवटचा तुकडा खायचा नसतो का?"

"नसतो."

"हा नियम कुठे लिहिलाय?"

"कुठेच नाही."

"मग मला कसा कळणार?" ती रागावली नव्हती, खरंच विचारत होती. अडुसष्ट वर्षांची मी बाई, मलाही तो कोणी शिकवला नव्हता, नुसती पाळत आले होते.

५

मी चालत शेडकडे निघाले. आता सगळं आपोआप जुळत होतं.

साडेदहापर्यंत स्वयंपाकघरात चौघे होते. अकरापासून सिग्ने लोकांच्या गराड्यात होती. सव्वाअकराला प्लेट रिकामी. म्हणजे साडेदहा ते अकराच्या मध्ये सिग्ने टेबल सोडून स्वयंपाकघरात गेली होती, ती म्हणते तशीच. मग खिडकीतून सतत दिसत होती ती कोण? रूने तेव्हा गवत कापतच नव्हता. कापत असता तर वाल्फ्रिडला बासरीचा तो हळुवार सूर कसला ऐकू येतोय!

आणि का? तेही मला कळलं होतं, फक्त कळून घ्यायचं नव्हतं. सहाचे अडीच मिलिमीटर झालेली अक्षरं, भरलेला कप, खिशातले हात. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी सही बारीक झाली, मग चमचा हलायला लागला.

रूने माझ्या मागोमाग शेडमध्ये आला.

"रूने," मी म्हटलं, "हात खिशातून काढ."

मग एक सुस्कारा टाकून त्याने हात बाहेर काढले. उजवा हात थरथरत होता, थांबतच नव्हता.

"कधीपासून?"

"नाताळपासून. डॉक्टरांनी मार्चमध्ये नाव सांगितलं, कंपवात." तो उलट्या बादलीवर बसला. "दर लग्नाआधी मी तो मुकुट पुसतो, सव्वीस वर्षं पुसतोय. पण कपाटाची किल्ली घ्यायची तर वहीत सही करा, ती पोरगी ऐकतच नाही. आणि सही बघितली की तिला कळणार. म्हणून ती कॉफीला गेल्यावर पेटीतली किल्ली घेतली, मुकुट लोकरीत गुंडाळला आणि कामाच्या कोटाखाली दडवून इथे आणला. वाटलं, उद्या ती कॉफीला गेली की परत ठेवू. पुसताना हातातून सुटला."

त्याने फळीवरचा लोकरीचा गठ्ठा खाली घेतला. मुकुट एका बाजूला चेपला होता आणि दोन पानं तुटून लोकरीत पडली होती.

"मग सांगायचं ना, मेल्या! कोणी खाल्लं असतं का तुला?"

"सांगणारच होतो. धावत गेलो तर सगळे जमलेले. सगळ्यांसमोर लोविसाने विचारलं, 'रूने, तू बसला होतास टेबलावर?' आणि तोंडातून 'नाही' निघून गेलं." त्याने डोळे पुसले. "गुन्वोर, ज्याचे हात थरथरतात त्याला शवपेटी उतरवायला कोण देईल? हे काम गेलं तर माझ्याजवळ काय राहतं?"

"आणि तिचं काम?"

त्याने तुटलेलं एक पान उचलून मुकुटाशी लावून बघितलं. मग खाली बघत म्हणाला, "तिच्या चेहऱ्यावर कधी काही दिसतच नाही. वाटलं, तिला एवढं लागणार नाही."

मला त्याची दया आली, आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली.

"हे तिच्यासमोर बोल," मी म्हटलं. "आत्ता."

६

तो बोलला. टेबलासमोर उभा राहून, मुकुट दोन्ही हातांत धरून, सगळ्यांदेखत. थरथरत्या हातांत मुकुटाची उरलेली चौदा पानं किणकिणत होती. तिला लागणार नाही असं वाटलं, हेही त्याने सांगितलं. मायकेनने तोंडावर हात दाबला.

सिग्नेने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला लागलं," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच सपाट होता. "ते चेहऱ्यावर येत नाही. काल मी घरी जाऊन स्वेटर न काढता जमिनीवर बसून होते, आणि जेवले नाही. कारण मी खरं सांगितलं होतं आणि त्याचा उपयोग झाला नाही."

लोविसा रडायला लागली. मीही खिडकीबाहेर बघायला लागले, कारण मीसुद्धा त्याच रांगेत होते. माफी मी तिथेच मागितली. "ठीक आहे," सिग्ने म्हणाली आणि वहीत आदल्या दिवशीच्या तारखेसमोर लिहिलं: मुकुटाचं कपाट, रूने टापेर, सही बाकी.

रूनेने पेन घेतलं आणि आमच्यासमोर सही केली. मुंगीएवढी.

"सिग्ने," लोविसाने नाक पुसलं. "तीनला मी मंडळाला सांगणार, तुला कायम करा. इथे, याच टेबलावर."

आम्हाला वाटलं, ती खूश होईल.

"नको," सिग्ने म्हणाली. "हे टेबल मला जमत नाही. मी चोर नाही एवढंच सिद्ध झालंय. टेलिफोन अजून तसाच वाजतो. लोक रडत असले की काय बोलायचं ते मला सुचत नाही, आणि रात्री मला त्यांचे आवाज आठवतात. मला किल्ल्या पाहिजेत. कब्रस्तानाचा नकाशा चुकीचा आहे, सदतीस ठिकाणी. गवत मी सरळ कापू शकते. यंत्राचा आवाज मला चालतो, तो एकसारखा असतो."

मग तिने रूनेच्या हाताकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही.

"टेलिफोनला हात थरथरले तरी चालतं," ती म्हणाली. "त्या म्हाताऱ्याने बायकोबद्दल विचारलं तेव्हा रूनेने काहीतरी बरं सांगितलं असतं."

रूनेचा चेहरा मला बघवला नाही. "तू... माझ्यावर रागावली नाहीस?"

"रागावले आहे. किती दिवस, ते अजून माहीत नाही."

तीनच्या बैठकीला मंडळाने अर्धा तास घोळ घातला, मग दोन्ही कामांची अदलाबदल मान्य केली. सोनाराला सोमवारच्या आत वेळ नव्हता. ती दोन पानं मायकेनने पिवळ्या रेशमाने बांधली आणि शनिवारी मोआ त्याच मुकुटात उभी राहिली. घंटा वाल्फ्रिडने वाजवल्या आणि त्याही पुढे पळवल्या. मायकेन रूनेशी पुढचे दहा दिवस बोलली नाही, कॉफी तेवढी देत होती.

पुढच्या महिन्यात एका गुरुवारी मी दहाच्या कॉफीला गेले. टेलिफोनवर रूनेचा आवाज येत होता, "हो हो, सांग ना, मला कुठे जायचंय." स्वयंपाकघरात सिग्ने आली. तिने स्वतःच ठरवलं होतं: गुरुवारी, दहा मिनिटं, आणि 'कसं काय' कोणी विचारायचं नाही. तिच्या बुटांना गवत चिकटलं होतं. कशाच्या ते न कळलेल्या किल्ल्या आता तीनच राहिल्या होत्या.

फोन ठेवून रूनेही आला. प्लेटमध्ये शेवटचा तुकडा उरला आणि आम्ही सगळे छताकडे बघायला लागलो.

सिग्नेने सुरी उचलली. बरोबर मधोमध कापलं, अर्धा स्वतः घेतला, अर्धा ठेवला. "नियम," ती म्हणाली.

तेव्हा रूनेने खिशातून उजवा हात काढला. सगळ्यांसमोर. हात इतका हलत होता की टेबलावर भुगा सांडत गेला, पण त्याने तो उरलेला अर्धा तुकडा उचलला आणि तोंडात घातला. सगळाच्या सगळा.

प्लेट रिकामी होती. मायकेनने ती उचलली आणि नळाखाली धरली. "कोंबड्यांना आज धान्य घालीन," ती रूनेला म्हणाली.